दाढेचा ठणका आणि बधिरतेचीं औषधें



मनुष्याच्या नाना दुखण्यांत दाढदुखीचें स्थान कांहींसें चमत्कारिक आहे. तिनें सहसा कोणी मरत नाहीं, म्हणून तिची गंभीरपणें विचारपूस होत नाहीं. आणि ज्याची दाढ दुखते त्याला तर त्या रात्रीं मरण बरें असें वाटूं लागतें. दिवसा नुसती कुरकुरणारी दाढ घरांत निजानीज होतांच ठणकूं लागते. उशीवर डोकें टेकलें कीं ठणका वाढतो, उठून बसलें कीं किंचित् उतार पडतो. घरांतील वडील माणसें लवंगेच्या तेलाचा बोळा सुचवितात, कोणी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करावयास सांगतो, आणि कोणी मशेरी दाबून धरण्याचा घातक उपदेशही करतो. अखेर पहाट होते, आणि ज्या दंतवैद्याचें दार वर्षानुवर्षें टाळलें त्याच्याच दारांत जाऊन बसणें प्राप्त होतें.

अशाच एका मध्यम वयाच्या गृहिणीची कल्पना करावी. तिच्या खालच्या जबड्यांतील उजवीकडची मागची दाढ किडली आहे, आणि कीड दाढेच्या आंतल्या नाजूक मज्जेपर्यंत पोंचली आहे. दंतवैद्य तिला खुर्चींत बसवितो, जबड्याच्या मागल्या बाजूस सुई टोंचून औषध सोडतो. पांच-सात मिनिटांत खालचा ओठ जड होतो, जिभेची उजवी कड परकी वाटूं लागते. सर्व यथास्थित झालें असें समजून दंतवैद्य यंत्र दाढेला लावतो, आणि बाई खुर्चींत उसळतात.

"काकू, ओठ जड झालाय ना?"

"ओठ झाला हो डॉक्टर, पण दाढ जागीच आहे!"

ओठ झोंपला आणि दाढ जागी राहिली, असें कां व्हावें? काकूंना वाटतें कीं आपलेंच सोसणें कमी. घरीं गेल्यावर शेजारीण सांगते कीं डॉक्टरच कच्चा. बहुतेक वेळां ह्या दोन्ही समजुती खोट्या असतात. पण त्यांचा परिणाम मात्र खरा असतो. एकदां असा अनुभव आलेलें माणूस पुन्हां त्या खुर्चीकडे फिरकत नाहीं. दाढ आंतल्या आंत सडत राहते, मुळाशीं पू सांचतो; आणि खालच्या मागच्या दाढांचा हा पू कधीं कधीं जिभेखालीं व मानेंत उतरून श्वासाचा मार्गच कोंडतो. दाढदुखीनें सहसा कोणी मरत नाहीं हें खरें. परंतु भीतीनें टाळलेल्या दाढदुखीनें माणसें मेलेलीं आहेत. म्हणून खालची दाढ बधिर करण्याचा प्रश्न हा केवळ दंतवैद्यांच्या चर्चेचा विषय नव्हे. प्रत्येक घराचा त्याच्याशीं संबंध आहे.

प्रथम जबड्याची रचना पाहूं. वरचा जबडा आणि खालचा जबडा हे दिसावयास जोडीदार असले तरी त्यांच्या हाडांत मोठा भेद आहे. वरच्या जबड्याच्या हाडाची बाहेरची भिंत पातळ व सच्छिद्र असते. दातालगतच्या हिरडींत औषध सोडलें कीं तें मातींत पाणी जिरावें तसें जिरून दाताच्या मुळाशीं जातें, आणि दांत बधिर होतो. खालच्या जबड्याचें हाड, विशेषतः दाढांच्या भागांत, जाड व घट्ट असतें. तेथें हिरडींत सोडलेलें औषध बहुधा भिंतीबाहेरच राहतें.

ह्यासाठीं दंतवैद्य वेगळी युक्ति करतात. खालच्या दाढांना संवेदना पुरविणारा ज्ञानतंतु जबड्याच्या मागल्या उभ्या भागाच्या आंतल्या अंगास असलेल्या एका छिद्रांतून हाडांत शिरतो, दाढांच्या मुळांखालून एखाद्या बोगद्यांतून जावें तसा पुढें जातो, आणि त्याची एक शाखा हनुवटीजवळच्या छिद्रांतून बाहेर येऊन ओठाला मिळते. हा तंतु बोगद्यांत शिरण्यापूर्वींच त्याला गांठावयाचें आणि तेथें औषध सोडावयाचें, म्हणजे पुढचा सारा मार्ग बंद पडतो. गांवाबाहेरच्या तलावाशींच तोटी बंद केली असतां सगळ्या आळीचे नळ कोरडे पडावे तसें हें आहे. परंतु ती तोटी डोळ्यांना दिसत नाहीं. प्रौढ माणसांत सुई सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर मांसांत शिरवून, हाडाचा स्पर्श जाणून, अंदाजानें तें छिद्र गांठावें लागतें. प्रत्येकाचें छिद्र थोडें वर, थोडें खालीं. लहान मुलांत तर तें आणखी खालीं. कांहीं माणसांत दुसरेच तंतु आडवाटेनें येऊन दाढेला मिळालेले असतात. ह्यामुळें कुशल हातांनीं दिलेली सुईसुद्धां शंभरांतून सुमारें पंधरा-वीस वेळां पूर्णपणें लागू पडत नाहीं; आणि ओठ जड झाला म्हणजे दाढेची मज्जाही बधिर झालीच, अशी खात्री देतां येत नाहीं.

आतां औषधांचा विचार करूं. त्यांचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील हॉरेस वेल्स ह्या दंतवैद्यानें १८४४ सालीं नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली, ती गुंगीच्या युगाची नांदी होय. पण ती सर्व माणसाला गुंगविण्याची रीत. माणूस जागा ठेवून केवळ दाढेलाच झोंप आणण्याची विद्या त्यानंतर चाळीस वर्षांनीं आली. दक्षिण अमेरिकेंतील कोका झुडपाच्या पानांतून आल्बर्ट नीमान ह्या जर्मन रसायनज्ञानें १८६० च्या सुमारास कोकेन वेगळें केलें होतें. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर ह्या तरुण डॉक्टरानें डोळ्यांत कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेस जाण्याइतका पैसाही त्याच्यापाशीं नव्हता. त्याचा निबंध दुसऱ्यानें वाचून दाखविला, आणि महिन्यांच्या अवधींत ती वार्ता सर्व वैद्यकजगांत पसरली.

त्याच वर्षीं न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॅल्स्टेड व रिचर्ड हॉल ह्या शस्त्रवैद्यांनीं कोकेनचें द्रावण सुईनें ज्ञानतंतूशेजारीं सोडून खालच्या जबड्याचे दांत बधिर केले. आज काकूंना दिलेली सुई ही त्या सुईचीच वंशज होय. परंतु ह्या ज्ञानाची किंमत त्या दोघांनीं जबर मोजली. प्रयोग ते स्वतःवर करीत. कोकेनचें व्यसन दोघांनाही जडलें. हॅल्स्टेड पुढें थोर शस्त्रवैद्य म्हणून जगन्मान्य झाला, पण व्यसनाची छाया त्याच्या उर्वरित आयुष्यावर राहिली.

कोकेनचे गुण ठेवावे आणि विष टाळावें, ह्या शोधांत जर्मनींतील आल्फ्रेड आइनहॉर्न ह्यानें १९०४ च्या सुमारास प्रोकेन सिद्ध केलें. नोव्होकेन ह्या नांवानें तें जगभर गेलें. १९०५ सालीं हाइन्रिख ब्राउन ह्या शस्त्रवैद्यानें त्याचा रुग्णांवर उपयोग प्रसिद्ध केला. ह्याच ब्राउननें आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली होती. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने ह्यानें १९०१ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविलेलें अॅड्रेनलिन त्यानें बधिर करणाऱ्या औषधांत मिसळलें. अॅड्रेनलिननें त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तांत लवकर वाहून जात नाहीं, बधिरता अधिक वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. आजही दंतवैद्याच्या नळीवर एकास ऐंशी हजार, एकास एक लक्ष अथवा एकास दोन लक्ष असे जे आंकडे असतात, ते ह्या अॅड्रेनलिनच्या प्रमाणाचे होत.

प्रोकेन निर्व्यसनी खरें, परंतु मंद. तें उशिरां लागू पडे, लवकर उतरे, आणि कांहींच्या अंगावर पित्त उठवी. त्याची जागा घेणारें औषध सांपडलें तें स्वीडनमध्यें, आणि तेंही जवाच्या रोपांवरील संशोधनांतून. जवाच्या एका जातींतील ग्रामीन नांवाच्या द्रव्याचा अभ्यास स्टॉकहोममध्यें चालला असतां त्याच्यासारखें दुसरें एक द्रव्य बनविण्यांत आलें. १९३५ सालीं होल्गर एर्टमान ह्या रसायनज्ञानें तें जिभेवर ठेवून पाहिलें, आणि जीभ बधिर झाली! ह्या धाग्याचा पाठपुरावा करून निल्स ल्योफग्रेन व त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट ह्यांनीं १९४३ सालीं लिडोकेन सिद्ध केलें. लुंडक्विस्टनें त्याच्या सुया स्वतःच्याच अंगांत टोंचून घेऊन गुण पारखला. १९४८ सालीं झायलोकेन ह्या नांवानें तें बाजारांत आलें. आपल्याकडे त्याला लिग्नोकेन म्हणतात. तें त्वरित लागतें, पुरेसें टिकतें, आणि त्याचें वावडें असणारीं माणसें अत्यंत विरळा. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक औषधाची परीक्षा लिग्नोकेनच्या तुलनेनेंच होत आली आहे.

त्याचीं भावंडें पुष्कळ आहेत. मेपिव्हाकेन हें रक्तवाहिन्या फारशा रुंदावीत नाहीं, म्हणून अॅड्रेनलिनवांचूनही थोड्या वेळाच्या कामास पुरतें. ज्यांना अॅड्रेनलिन वर्ज्य त्यांना तें सोयीचें. ब्युपिव्हाकेन सावकाश लागतें, पण ओठ कधीं कधीं आठ-दहा तासही जड राहतो. अवघड अक्कलदाढ काढल्यावर रात्र सुखाची जावी म्हणून मोठ्या माणसांत त्याचा उपयोग होतो. प्रिलोकेन सौम्य खरें, परंतु मात्रा अधिक झाल्यास रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति तें कमी करूं शकतें. आणि ह्या सर्वांत ज्याची अलीकडे अधिक चर्चा होते तें आर्टिकेन. जर्मनींतील हेक्स्ट कंपनीच्या रसायनशाळेंत १९६९ सालीं तें सिद्ध झालें, १९७६ सालीं जर्मनींत विक्रीस आलें, आणि अमेरिकेनें त्यास २००० सालीं मान्यता दिली.

आर्टिकेनमध्यें विशेष काय? लिग्नोकेनच्या अणूंतील कर्बाच्या वलयाऐवजीं ह्यांत गंधकयुक्त वलय आहे. त्यामुळें तें स्निग्ध पदार्थांत अधिक विरघळतें आणि तंतूच्या स्निग्ध आवरणांतून व दाट हाडांतूनही सुलभतेनें झिरपतें. लिग्नोकेनचें विघटन यकृतांत होतें, आणि रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारें दीड तास लागतो. आर्टिकेन बव्हंशीं रक्तांतच मोडतें, आणि वीस-तीस मिनिटांत निम्म्यावर येतें. लिग्नोकेनचें द्रावण सामान्यतः शेंकडा दोन असतें, आर्टिकेनचें शेंकडा चार. म्हणजे एकाच मापांत दुप्पट औषध असतें, ही गोष्ट तुलना करतांना विसरतां कामा नये.

मग आर्टिकेन श्रेष्ठ कीं लिग्नोकेन? ह्याचें उत्तर औषध कोठें सोडलें आणि दाढ कोणत्या अवस्थेंत आहे ह्यांवर अवलंबून आहे.

निरोगी दाढेपासून आरंभ करूं. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत ३१ निरोगी स्वयंसेवकांच्या खालच्या पहिल्या दाढेजवळ, गालाच्या बाजूच्या हिरडींत, एकदां एक व दुसऱ्यांदा दुसरें औषध सोडण्यांत आलें. दाढ बधिर झाली कीं नाहीं हें सौम्य विद्युत्प्रवाहानें ताडून पाहिलें. लिग्नोकेननें शंभरांतून सुमारें ३९ वेळां यश आलें, आर्टिकेननें सुमारें ६५ वेळां. ज्या जाड हाडापुढें औषध हात टेकतें असें मानलें जाई, त्यांतून आर्टिकेन निदान अर्ध्याहून अधिक वेळां वाट काढूं शकतें, हें त्यावरून दिसलें. अमेरिकेंत २००८ सालीं झालेल्या दुसऱ्या एका चांचणींत ७३ स्वयंसेवकांना आधीं मागची मोठी सुई देऊन नंतर हिरडींत पुरवणीची सुई दिली. पुरवणी आर्टिकेनची असतां शंभरांत ८८ वेळां यश आलें, लिग्नोकेनची असतां ७१ वेळां.

परंतु काकूंची दाढ निरोगी नाहीं. ती दाहानें पेटलेली आहे. तेथें चित्र पालटतें. अमेरिकेंतील ओहायो येथें २००४ सालीं ७२ रुग्णांवर झालेली चांचणी ह्या बाबतींत बोलकी आहे. सर्वांच्या खालच्या मागच्या दांतांची मज्जा दाहग्रस्त होती. निम्म्यांना आर्टिकेननें, निम्म्यांना लिग्नोकेननें मागची मोठी सुई दिली. ओठ सर्वांचे जड झाले. पण वेदनेवांचून काम पार पडलें तें आर्टिकेनमध्यें शंभरीं २४ जणांचें, आणि लिग्नोकेनमध्यें शंभरीं २३ जणांचें! म्हणजे तंतु बोगद्यांत शिरतो त्या ठिकाणीं औषध सोडावयाचें तर ह्या दोहोंत फरक असा नाहीं, आणि पेटलेल्या दाढेपुढें दोन्हीही पुष्कळदां अपुरीं पडतात. २०१८ सालीं कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें दंतचिकित्सेंतील बधिर करणाऱ्या औषधांच्या १२३ चांचण्या एकत्र तोलून पाहिल्या. दाहग्रस्त मज्जेच्या मागच्या दांतांपुरत्या चार चांचण्यांतील २०३ रुग्णांत आर्टिकेनचें यश शंभरीं सुमारें ४९ आणि लिग्नोकेनचें ३१ निघालें. परंतु हा पुरावा भक्कम नाहीं असेंही त्या परीक्षकांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें.

पेटलेली दाढ इतकी हटवादी कां? बधिर करणारें औषध शरीरांत दोन रूपांत असतें. एका रूपावर विद्युद्भार असतो, दुसऱ्यावर नसतो. भाररहित रूपच तंतूचें स्निग्ध आवरण ओलांडूं शकतें. आंत गेल्यावर तें पुन्हां भारित होऊन सोडियमच्या कणांचीं द्वारें बंद करतें, आणि वेदनेचा निरोप पुढें जाईनासा होतो. निरोगी मांसांत लिग्नोकेनचा सुमारें चतुर्थांश ह्या भाररहित रूपांत असतो. दाह झालेल्या जागीं आम्लता वाढते, आणि हिशेबानें तो भाग शंभरीं तीन-चारांवर येऊं शकतो. किल्ल्याच्या दाराशीं सैन्य मोठें, पण तट चढून जाणारे मोजकेच, अशी स्थिति होते. परंतु एवढ्यानेंच कोडें सुटत नाहीं. कारण मोठी सुई पडते ती दाहाच्या जागेपासून दूर, जबड्याच्या मागें. म्हणून आणखी एक कारण मानलें जातें : दिवसेंदिवस चाललेल्या दाहानें ज्ञानतंतु स्वतःच चाळवलेले असतात, आणि त्यांचीं कांहीं सोडियमद्वारें नेहमींच्या औषधाला सहजासहजीं दाद देत नाहींत. रात्रभर न झोंपलेलें, धास्तावलेलें मन त्यांत भर घालतें. ह्यावरून काकूंचें सोसणें कमी नव्हतें आणि डॉक्टरांचा हातही चुकला नव्हता, हें स्पष्ट होईल.

मग शहाणा दंतवैद्य काय करतो? तो एकाच अस्त्रावर विसंबत नाहीं. मागची मोठी सुई लिग्नोकेनची देतो, ती लागू पडण्यास पुरेसा वेळ देतो, दाढेवर थंड बोळा लावून ती खरोखर निजली कीं नाहीं हें पाहतो, आणि उणें वाटल्यास गालाच्या बाजूनें आर्टिकेनची पुरवणी देतो. त्यानेंही न भागल्यास दाढ व हाड ह्यांमधील फटींत, हाडाच्या आंत अथवा उघड्या मज्जेंतच थेट औषध सोडण्याच्या रीति आहेत. कामापूर्वीं तासभर आयबुप्रोफेनची गोळी दिल्यानें दाहग्रस्त दाढ अधिक वेळां बधिर होते, असेंही अनेक चांचण्यांत दिसून आलें आहे. मात्र आम्लपित्ताचे व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा अथवा गर्भारपण असतां ती गोळी आपल्याच मनानें घेऊं नये.

ह्या विद्येंत भारतीय हातांचाही वाटा आहे. रफिउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास देशांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. आणि तोंड मिटलेलें असतांच खालच्या जबड्याचा तंतु बधिर करण्याची रीत १९६० सालीं वझिरानी ह्यांनीं प्रसिद्ध केली. पुढें १९७७ सालीं अकिनोसी ह्यांनीं ती स्वतंत्रपणें मांडली, म्हणून ती दोघांच्या नांवानें ओळखली जाते. महाराष्ट्रास ह्या रीतीचें महत्त्व विशेष आहे. सुपारी व गुटखा ह्यांच्या व्यसनानें गालाची आंतली त्वचा ताठरून कित्येक तरुणांचें तोंड दोन बोटांइतकेंही उघडत नाहीं. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. पण ज्यांचीं तोंडें आधींच मिटलीं त्यांची दाढ दुखावयाची थांबत नाहीं, आणि त्यांच्यासाठीं ही मिटल्या तोंडाची सुई हाच पुष्कळदां एक मार्ग उरतो.

आर्टिकेनच्या गुणांबरोबर त्याचा एक आक्षेपही सांगितला पाहिजे. सुईनंतर जीभ अथवा ओठ दिवसच्या दिवस, क्वचित् महिनोगणती बधिर राहणें, मुंग्या येणें, चव जाणें, असे प्रकार घडतात. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत १९९३ सालच्या नोंदींवरून, शस्त्रक्रियेचा संबंध नसलेले असे प्रकार सुमारें ७,८५,००० सुयांमागें एक, इतके विरळ आढळले. परंतु त्यांत शेंकडा चार द्रावणांचा, म्हणजे आर्टिकेन व प्रिलोकेन ह्यांचा, वांटा प्रमाणाबाहेर होता. दोष औषधाचा, दाट द्रावणाचा, कीं सुईच्या टोंकाचा, ह्याविषयीं तज्ज्ञांत वाद आहे. तथापि मोठ्या सुईंत आर्टिकेनचा विशेष लाभ दिसत नाहीं, हें वर पाहिलेंच. तेव्हां पुष्कळ दंतवैद्य मोठी सुई लिग्नोकेनची आणि हिरडींतील पुरवणी आर्टिकेनची, असा मध्यम मार्ग पत्करतात, आणि तो तर्कास धरून आहे.

दुसरी गोष्ट मात्रेची. येथें शाळेंतील त्रैराशिक कामास येतें. शेंकडा दोन द्रावणाच्या एका मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम औषध असतें; १.८ मिलिलिटरच्या एका नळींत ३६ मिलिग्रॅम. शेंकडा चार द्रावणाच्या तेवढ्याच नळींत ७२. अॅड्रेनलिनसह दोन्ही औषधांची कमाल मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागें ७ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या निरोगी माणसास ४२० मिलिग्रॅम. लिग्नोकेनच्या अकरा नळ्या, पण आर्टिकेनच्या पांचच. आणि १५ किलोच्या बालकास १०५ मिलिग्रॅम, म्हणजे आर्टिकेनची दीड नळीही नव्हे! मोठ्या माणसाला जें किरकोळ, तें मुलाला विष ठरूं शकतें, हें ह्या साध्या हिशेबावरून ध्यानांत येईल. चार वर्षांखालील मुलांस आर्टिकेन देऊं नये असाच संकेत आहे. हृद्‌रोग्यांच्या बाबतींत मर्यादा अॅड्रेनलिनची असते. एकास एक लक्ष प्रमाणाच्या सुमारें दोन नळ्यांपुढें त्यांच्या बाबतींत जात नाहींत.

आतां रुग्णाचें कर्तव्य. दंतवैद्याला आपलें वजन, वय, हृदयाचा वा यकृताचा विकार, रक्तदाब, गर्भारपण, चालू असलेलीं औषधें आणि पूर्वीं सुईनें झालेला कांहीं त्रास, हें सारें न विचारतां सांगावें. "मागच्या वेळीं दाढ बधिर झाली नव्हती" हें वाक्य तर अवश्य सांगावें; त्यावरून तो आधींच दुसरी तयारी ठेवतो. दुखऱ्या दाढेवर अॅस्पिरिनची गोळी दाबून धरूं नये, तिनें हिरडी भाजते. उपाशीपोटीं, घाबरून जाऊन खुर्चींत बसूं नये. सुईनंतर येणारी पुष्कळशी घेरी औषधाची नसून धास्तीची असते. आणि दुखलें तर मुकाट्यानें सोसूं नये. आधींच ठरवून हात वर करावा. सोसणें हें ह्या खुर्चींत शौर्य मानण्याचें कारण नाहीं.

मुलांच्या आयांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. दाढ तासाभरांत जागी होते, पण ओठ तीन-चार तास निजलेलाच असतो. मुलाला ती गंमत वाटते; तें ओठ चावतें, गाल ओरबाडतें, आणि सायंकाळीं ओठ सुजून घरांत हाहाकार होतो. म्हणून ओठाला पुरी शुद्धि येईतों मुलास घट्ट अन्न अथवा कढत दूध देऊं नये, आणि तें डोळ्यांसमोर ठेवावें.

पुन्हां एकदां त्या खुर्चीकडे वळूं. काकूंनीं हात वर केला आहे. समंजस दंतवैद्य रागावत नाहीं, हंसत नाहीं, "एवढेंसें दुखतें त्याचें काय" असेंही म्हणत नाहीं.

"सांगितलेंत तें बरें केलेंत, काकू. ही दाढ पेटलेली आहे, एका सुईनें निजायची नाहीं. आणखी एक लहानशी देतों, आणि पुन्हां तपासून मगच हात लावतों."

गालाच्या बाजूस पुरवणीची सुई पडते. दहा मिनिटें कोणी घाई करीत नाहीं. थंड बोळा दाढेवर टेकविला जातो. काकू डोळे मिटून वाट पाहतात, आणि कांहींच होत नाहीं. यंत्र सुरू होतें, तो घर्र असा आवाज येतो, पण कळ येत नाहीं. खुर्चीचे हात घट्ट धरलेलीं बोटें हळूहळू सैल होतात.

ज्या शांततेंत हें काम पार पडतें तिच्यामागें कोकेनच्या पायीं स्वास्थ्य गमावलेले दोन शस्त्रवैद्य आहेत, जिभेवर अनोळखी द्रव्य ठेवणारा एक रसायनज्ञ आहे, स्वतःच्या अंगांत सुया टोंचून घेणारा एक तरुण आहे, आणि आपल्या निरोगी दाढा परीक्षेसाठीं पुढें करणारे शेंकडों अनामिक स्वयंसेवक आहेत. औषधांत श्रेष्ठ कोणतें ह्या वादाचा निकाल स्थळ, मात्रा आणि दाढेची अवस्था पाहूनच लागेल. पण रुग्णानें न लाजतां "अजून दुखतें" म्हणावें, आणि वैद्यानें तें खरें मानावें, ह्याविषयीं वाद असण्याचें कारण नाहीं. हा विश्वास दोघांत असला तर खालची दाढ कितीही हटवादी असो, ती अखेर निजते; आणि रात्रभर जागलेलें घरही त्या रात्रीं सुखानें निजतें.